शब्दांची शाळा : गावाच्या पाटीत किती शब्द?



रेल्वे स्टेशनवरची पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेलच. पिवळ्या रंगावर ठसठशीत काळी अक्षरं. गावाचं नाव देवनागरीत आणि खाली इंग्रजीत. गाडीला उशीर असला की त्या पाटीकडे बघत बसण्यावाचून दुसरं काम नसतं. आजचा आपला खेळ त्या पाटीवरच खेळायचा आहे. पैसा लागत नाही, मैदान लागत नाही. वही-पेन्सिल मात्र जवळ घ्या.

खेळ असा. गावाचं नाव इंग्रजीत लिहायचं आणि त्यातल्या अक्षरांमधून जितके निघतील तितके इंग्रजी शब्द काढायचे. अक्षरं हवी तशी पुढे-मागे करा. पण दोन नियम कडक आहेत. पहिला, नावात जे अक्षर जितक्या वेळा आलंय तितक्याच वेळा वापरायचं. एकदा असेल तर एकदाच. उसनवारी चालणार नाही! दुसरा, शब्दाचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ नाही तर गुण नाही.

आणि एक सूचना. या पानावर मी इंग्रजी अक्षरांची नावं आपल्या लिपीत लिहिते आहे. तुम्ही ती वाचत वाचत वहीत इंग्रजीत उतरवा. म्हणजे अर्धा सराव तिथेच होईल.

जालन्यात काही निघंना!

आमच्या चौथीच्या वर्गात हा खेळ पहिल्यांदा घेतला, तेव्हा मुलं म्हणाली, "मॅडम, आपल्या जिल्ह्यापासूनच सुरू करू." मी फळ्यावर लिहिलं, जे-ए-एल-एन-ए. जालना.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोरं डोकं खाजवताहेत, पेन्सिली चावताहेत. एकाला 'ए' सापडला, एकीला 'ॲन'. म्हणजे दोन्हींचा अर्थ 'एक'च! बाकी सगळा शुकशुकाट. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "मॅडम, जालन्यात तर काहीच निघंना!" आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "आपल्या गावात कुठून असणार इंग्रजी?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या मनाला टोचलं. कारण लहानपणी मलाही तसंच वाटायचं. इंग्रजी म्हणजे शहराची, पुस्तकातली, दुसऱ्यांची भाषा. आपण फक्त ती पाठ करायची. आम्ही वेन्सडे हा शब्द 'वेड-नेस-डे' असा घोकायचो आणि ब्यूटिफुल 'बे-आ-उटी-फुल' असा. परीक्षेत स्पेलिंग बरोबर यायचं, पण शब्द कधी आपला वाटायचा नाही.

म्हणून त्या दिवशी मी फळा पुसला आणि दुसरं नाव लिहिलं.

परतूरची कमाई

पी-ए-आर-टी-यू-आर. परतूर. हेही आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, जालन्याच्याच रेल्वेमार्गावर. आता बघा गंमत.

पहिले चार अक्षरं जशीच्या तशी घ्या : पी-ए-आर-टी, पार्ट. म्हणजे भाग. तीच चार अक्षरं उलटी वाचा : टी-आर-ए-पी, ट्रॅप. म्हणजे सापळा! आता सापळा आला म्हणजे उंदीर आलाच : आर-ए-टी, रॅट. त्याच तीन अक्षरांतून ए-आर-टी, आर्ट म्हणजे कला. आणि टी-ए-आर, टार म्हणजे डांबर. पुढे टॅप म्हणजे नळ, पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. एका मुलीने तर पी-यू-आर-आर काढला, पर्र. मांजर लाडात आलं की घुर्रघुर्र करतं ना, ते. परतूरमध्ये 'आर' दोनदा आहे, म्हणून हा शब्द चालला. नियमात बसतो!

वर्ग एकदम जागा झाला. परतूरमध्ये इतके शब्द, आणि जालन्यात दोनच. असं का बरं?

स्वर नाही तर शब्द नाही

आपल्या मराठीत स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसतो. कधी काना होऊन शेजारी, कधी मात्रा होऊन डोक्यावर, कधी उकार होऊन पायाशी. इंग्रजीत तसं नाही. तिथे स्वर रांगेत स्वतंत्र उभा राहतो, व्यंजनासारखीच एक जागा अडवून. ए, ई, आय, ओ, यू हे ते पाच. त्यांच्याशिवाय शब्द जुळणं फार अवघड. कधी कधी 'वाय' मदतीला येतो, एवढंच.

जालन्यात स्वर एकाच जातीचा, 'ए'. आणि व्यंजनांत पुन्हा 'जे', जो इंग्रजीत क्वचितच भेटणारा पाहुणा!

हा पाहुणा क्वचित येतो हे कसं कळलं? त्याचीही गोष्ट आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी आली होती. आल्फ्रेड बट्स नावाच्या एका आर्किटेक्टचं काम गेलं. रिकाम्या वेळात त्यांनी शब्दांचा एक खेळ तयार करायला घेतला. पण कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या? बट्स यांनी वर्तमानपत्रं समोर घेतली आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते चक्क मोजत बसले. त्यातूनच पुढे जो खेळ झाला, त्याला १९४८ साली 'स्क्रॅबल' हे नाव मिळालं.

इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांची वाटणी बघा. 'ई' १२. 'ए' आणि 'आय' प्रत्येकी ९. 'ओ' ८. 'एन', 'आर', 'टी' प्रत्येकी ६. आणि 'जे'? फक्त १! 'क्यू', 'एक्स', 'झेड' यांचीही तीच गत. जे अक्षर सहज भेटतं त्याला गुण कमी. 'ई'ला १ गुण, तर 'जे'ला ८.

म्हणजे जालन्यात शब्द निघाले नाहीत, यात जालन्याचा काही दोष नाही. तो अक्षरांचा हिशेब आहे.

हरवलेली 'ई'

हा हिशेब मला पुस्तकाआधी एका मुलीने शिकवला. ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुलंही सोबत जातात. वर्गातल्या जागा रिकाम्या होतात, आणि हंगाम संपवून मुलं परत येतात तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं. अशीच एक मुलगी निघाली होती. जाताना मी तिला जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली इंग्रजी अक्षरांची कार्डं दिली. ए पासून झेड पर्यंत, एकेक. बरोबर २६. म्हटलं, "फडावर वेळ मिळेल तेव्हा शब्द जुळवत जा."

ती परत आली ती होळी उलटून गेल्यावर. कार्डं मळलेली, कोपरे दुमडलेले, पण दोऱ्याने नीट बांधलेली. मी मोजली, तर २८ निघाली! मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. ती म्हणाली, "मॅडम, ई हरवली व्हती. मग मी तीन केल्या."

तिने साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तीन 'ई' काढल्या होत्या. मी विचारलं, "एक हरवली, मग तीन कशाला?"

"एक पुरतच नाही, मॅडम. एकात ट्री व्हत नाही. स्वीट बी व्हत नाही. बाकीची अक्षरं नुसती पडून राहत्यात, अन् ई सारखी लागती."

बट्स यांनी वर्तमानपत्रं मोजून जे शोधलं, ते या मुलीने कोपीसमोर बसून शोधलं होतं. चूक माझी होती. सगळी अक्षरं सारखीच लागतात असं धरून मी एकेक कार्ड दिलं होतं. तिने माझी चूक साबणाच्या खोक्याने दुरुस्त केली. त्यानंतर माझ्या वर्गात कार्डांचा संच करताना 'ई' आधी कापली जाते.

तुम्हीही घरी संच करा. माझा हिशेब असा : 'ई' ४. 'ए', 'आय', 'ओ' प्रत्येकी ३. 'यू' २. 'एन', 'आर', 'टी', 'एस', 'एल', 'डी' प्रत्येकी २. उरलेली १५ अक्षरं एकेक. झाली ४२ कार्डं. दोन-तीन लग्नपत्रिकांत काम भागतं.

चार युक्त्या

आता शब्द सापडायचे कसे? नुसतं बघत बसलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून या चार युक्त्या. त्यासाठी नाव घेऊ भोकरदन : बी-एच-ओ-के-ए-आर-डी-ए-एन.

पहिली : स्वर वेगळे काढा. भोकरदनात दोन 'ए' आणि एक 'ओ'. एकेक स्वर मध्ये ठेवा आणि दोन्ही बाजूंना व्यंजनं लावून बघा. बी-ए-डी, बॅड. आर-ओ-डी, रॉड. आर-ए-एन, रॅन.

दुसरी : शेवटाच्या जोड्या ओळखा. इंग्रजीत काही अक्षरं जोडीने येतात. 'एन-डी' ही जोडी घ्या : बँड, हँड, ब्रँड. 'एन-के' घ्या : बँक, रँक, ड्रँक. 'आर-के' घ्या : बार्क म्हणजे कुत्र्याचं भुंकणं, आणि डार्क म्हणजे अंधारलेलं. एक जोडी सापडली की तिच्यामागे तीन-चार शब्द येतातच.

तिसरी : अक्षरं वर्णक्रमाने लावा. रॅट, आर्ट, टार या तिघांची अक्षरं क्रमाने लावली तर प्रत्येक वेळी ए-आर-टी हेच येतं. म्हणजे ते एकाच घरचे! दोन शब्द एकाच घरचे आहेत की नाही, याची ही पक्की परीक्षा. लिसन म्हणजे ऐकणे आणि सायलेंट म्हणजे शांत. या दोघांची स्पेलिंगं शब्दकोशात बघा आणि ही परीक्षा लावून पाहा. वर्गात शांत बसल्याशिवाय ऐकू येत नाही, हे इंग्रजी अक्षरांनाही ठाऊक आहे!

चौथी : सापडलेल्या शब्दाला एक अक्षर जोडा. ही माझी सर्वांत आवडती युक्ती. करून दाखवते.

रस्ता कुठवर जातो?

भोकरदनातून चार अक्षरं घ्या : आर-ओ-ए-डी, रोड. म्हणजे रस्ता.

आता पुढे 'बी' जोडा : बी-आर-ओ-ए-डी, ब्रॉड. म्हणजे रुंद.

भोकरदनात अजून एक 'ए' शिल्लक आहे. तो पुढे जोडा : ए-बी-आर-ओ-ए-डी, अब्रॉड. म्हणजे परदेशात!

रोड, ब्रॉड, अब्रॉड. रस्ता, रुंद, परदेश. तिन्ही आपल्या भोकरदनच्या पोटात. फळ्यावर हे तीन शब्द पायऱ्यांसारखे लिहिले, तेव्हा मागच्या रांगेतला तो "आपल्या गावात कुठून" म्हणणारा मुलगा उभा राहून बघत होता.

मग मी वर्गाला एक खरी गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

इटलीत पॉम्पेई नावाचं शहर होतं. इ.स. ७९ मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सगळं शहर राखेखाली गाडलं गेलं. पुढे शेकडो वर्षांनी तिथे खणायला सुरुवात झाली. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंतात कोरलेली स्त्रीची मूर्ती सापडली. जेमतेम वीतभर उंच. अंगावरचे दागिने, उभं राहण्याची ढब, सगळं भारतीय! आज ती नेपल्स शहराच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

आता इकडे या. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळातलं हे भरभराटीचं गाव. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या लोकांचीही नोंद आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं, त्यात त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. पूर्ण नाही, तुटलेली. पण पॉम्पेईच्या मूर्तीशी तिचं साम्य इतकं, की पॉम्पेईची ती मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

म्हणजे आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या वस्तू रस्त्याने बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने परदेशात जात होत्या. रोड, ब्रॉड, अब्रॉड! शब्दांचा हा जुळून आलेला योगायोग आहे, हे खरं. पण "आपल्या गावात कुठून असणार?" असं पुन्हा म्हणण्याआधी गावाची पाटी एकदा नीट वाचायला काय हरकत आहे?

एसटीत खेळायचा खेळ

याच खेळाचा एक भाऊ आहे. तो प्रवासात खेळतात. समोरून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट बघा. आमच्या जिल्ह्याच्या गाड्या एमएच-२१. आता 'एम' आणि 'एच' ही दोन्ही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द सांगायचा. कुठेही असोत, पुढे-मागे असोत, मध्ये कितीही अक्षरं येवोत. होम, मदर, मंथ, माउथ, मॅच. जमलं? मग आकड्यांनंतरचं पहिलं अक्षरही घ्या. समजा 'ए' आहे. मग एम, एच आणि ए असलेला शब्द हवा. मॅच चालेल, हॅमर चालेल, होम बाद! पुढच्या थांब्यापर्यंत ज्याचे शब्द जास्त तो जिंकला. खिडकीची जागा त्याला!

पालकांसाठी चार शब्द

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायची. जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत ती पहिलीपासून आली. त्यामुळे मुलांच्या वहीत इंग्रजी दिसली की अनेक आई-वडील मागे सरतात, "आम्हाला काही येत नाही" म्हणतात. या खेळात तुम्हाला इंग्रजी बोलता यायची गरज नाही. तुम्ही पंच व्हा. अक्षर जास्त वेळा वापरलं का ते मोजा, आणि शब्द आहे की नाही ते मुलाला शब्दकोशात शोधायला लावा. चुकीचा शब्द आला तर खोडू नका. वहीच्या मागच्या पानावर 'बघून सांगू' असं लिहून तिथे टिपा. शब्दकोश उघडायला तेच पान भाग पाडतं.

मोबाईलवर अक्षरं टाकली की सगळे शब्द क्षणात समोर येतात, हेही मुलं तुम्हाला सांगतील. येऊ देत. पण आधी स्वतः शोधून मगच. नाहीतर खेळला मोबाईल आणि मुलगा नुसता बघत बसला, असं व्हायचं. आणि घरात इंग्रजी-मराठी शब्दकोश नसेल, तर यंदाच्या वाढदिवसाला खेळण्याऐवजी तोच आणा. पुष्कळ वर्षं पुरतो.

या आठवड्याचं कोडं

१. मंठा : एम-ए-एन-टी-एच-ए. यातून मुंगी, टोपी आणि चटई शोधा.

२. बदनापूर : बी-ए-डी-एन-ए-पी-यू-आर. यातून जळणे, शहरी, आणि बांबू खाणारा एक काळा-पांढरा प्राणी शोधा.

३. घनसावंगी : जी-एच-ए-एन-एस-ए-डब्ल्यू-ए-एन-जी-आय. यातून झोका, राजहंस, पुन्हा, आणि सात अक्षरांचा 'धुणे' शोधा.

४. हे खरं कोडं : तुमच्या स्वतःच्या गावाचं नाव घ्या. किती शब्द निघतात ते मोजा. सर्वांत लांब शब्दाखाली रेघ मारा, आणि वर्गात आपल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. गाव लहान असलं तरी चालेल. नावात स्वर किती, ते आधी बघा!

(उत्तरं. आधी सोडवा, मगच वाचा! १. मुंगी ए-एन-टी, टोपी एच-ए-टी, चटई एम-ए-टी. २. जळणे बी-यू-आर-एन, शहरी यू-आर-बी-ए-एन, प्राणी पी-ए-एन-डी-ए. ३. झोका एस-डब्ल्यू-आय-एन-जी, राजहंस एस-डब्ल्यू-ए-एन, पुन्हा ए-जी-ए-आय-एन, धुणे डब्ल्यू-ए-एस-एच-आय-एन-जी. चौथ्याचं उत्तर तुमच्या गावाच्या पाटीवर आहे.)